‘पहिला’ आणि ‘वाट पाडणारा’

सांगली जिल्ह्यातील एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्या माध्यमिक शाळेत मराठी शिकवतात. त्यांच्या माहेरी द्राक्षबागा आहेत आणि निर्यातीचा व्यवसाय आता धाकटा भाऊ पाहतो. परदेशी खरेदीदारांसाठी त्याने इंग्रजीत एक माहितीपुस्तिका लिहून घेतली. तिच्या पहिल्याच पानावर ‘आबांनी (म्हणजे त्यांच्या वडिलांनी) भारतात ठिबक सिंचन पायोनियर केले’ अशा अर्थाचे वाक्य आहे. पुस्तिका मराठीत आणण्याचे काम या भगिनींकडे आले, तेव्हा त्या क्रियापदासाठी एका शब्दाचा मराठी पर्याय त्यांना सापडेना, म्हणून त्यांनी ‘मुहूर्तमेढ रोवली’ असे लिहिले. मसुदा भावकीत फिरला आणि चुलत घरातून निरोप आला, की गावात ठिबक पहिल्यांदा आमच्या अण्णांनी १९८६ साली डाळिंबाला बसवले. आबांनी ते द्राक्षाला बसवले ते पुढच्या वर्षी. ही गोष्ट खरी असल्याचे भगिनी स्वतःच लिहितात. अण्णांच्या नळ्या वर्षभरात तुंबल्या आणि त्यांनी त्या काढून टाकल्या. आबांच्याही तुंबल्या, पण त्यांनी एका गड्याला हाताशी धरून त्या पुन्हा पुन्हा साफ केल्या, वहीत नोंदी ठेवल्या, आणि चार-पाच वर्षांत निम्मे शिवार त्यांच्याकडे पाहून ठिबककडे वळले. भावाचे म्हणणे असे, की इंग्रजीत असे लिहितातच, तपासायला कोण येतो? आबा आज ७९ वर्षांचे आहेत. त्यांनी मसुदा ऐकला आणि काहीच न बोलता ते उठून बागेत गेले. भगिनी विचारतात: या शब्दाचा नेमका अर्थ काय? तो वापरणे खोटेपणाचे ठरेल का? मराठीत काय लिहावे? आणि शब्द काढून टाकला, तर आबांना आपणच लहान केल्यासारखे होईल का?

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. पहिल्या वाचनात ते शब्दाविषयीचे वाटले, दुसऱ्या वाचनात भावकीविषयीचे. ही दोन्ही भांडणे एकाच गैरसमजातून आलेली आहेत, असे माझे मत झाले आहे. तुम्ही, तुमचा भाऊ आणि तुमचे चुलतभाऊ, तिघेही असे धरून चालला आहात की ‘पायोनियर करणे’ म्हणजे सर्वांत आधी करणे. एकदा हे गृहीत धरले की उरतो तो केवळ तारखांचा वाद, आणि त्या वादात १९८६ हे १९८७ च्या आधी येते, त्याला कोणाचाच इलाज नाही. परंतु त्या क्रियापदाचा गाभा ‘आधी’ या कल्पनेत नाही. तो कुठे आहे, हे पाहण्यासाठी शब्दाच्या मुळाशी जावे लागेल, आणि तिथे तुमच्या-माझ्या ओळखीची बरीच मंडळी भेटतील.

इंग्रजीने हा शब्द फ्रेंचमधून घेतला. त्याचा मूळ अर्थ पायी चालणारा शिपाई, आणि त्याच्या मुळाशी पायाला असलेला लॅटिन शब्द आहे. सैन्य निघण्याआधी फावडी, कुदळी आणि कुऱ्हाडी घेऊन पुढे जायचे, झुडपे तोडायची, ओढ्यांवर उतार करायचा, चर खणायचे, म्हणजे मागून येणाऱ्या तोफा आणि गाडे अडणार नाहीत, हे काम ज्या पायदळातील माणसांकडे असे ते पायोनियर. आपल्या कचेऱ्यांतला ‘प्यून’ याच घराण्यातला. तो पोर्तुगिजांकडून आला. बुद्धिबळातील ‘प्यादे’ फारसीतून आले, पण कुळ तेच, पायाचे. आणि संस्कृतातील ‘पदाति’, आपले ‘पाय’ आणि ‘पायदळ’ हीदेखील दूरची भावंडे. ज्या शब्दाने आज माणसे स्वतःला मखरात बसवून घेतात, तो शब्द मुळात साहेबाच्या दाराबाहेर स्टुलावर बसणाऱ्या शिपायाचा सख्खा नातेवाईक निघावा, ही मला फार आवडणारी गोष्ट आहे.

आपल्याकडच्या फौजांतही ही कामे होती, आणि मराठीने त्यांसाठी वेगवेगळे शब्द ठेवले होते. सैन्याची आघाडी म्हणजे ‘बिनी’. त्या आघाडीचा मान ज्यांच्याकडे होता ते बिनीवाले. १७७१ साली मराठी फौजा दिल्लीत शिरल्या तेव्हा महादजी शिंद्यांबरोबर असलेले विसाजी कृष्ण बिनीवाले हे त्यांतले सर्वांत प्रसिद्ध. आजही आपण एखाद्याला ‘बिनीचा शिलेदार’ म्हणतो ते याच अर्थाने. पण वाट साफ करणारा, दगड फोडणारा आणि चर खणणारा तो ‘बेलदार’. फारसीत ‘बेल’ म्हणजे फावडे. तेव्हा मुळातल्या पायोनियरला नेमका मराठी शब्द शोधायचा, तर तो बिनीवाला नव्हे, बेलदार होय. तुमच्या भावाला पुस्तिकेत बिनीवाला हवा आहे. आबांनी केले ते काम मात्र बेलदाराचे, आणि माझ्या दृष्टीने ते अधिक मोलाचे आहे.

इंग्रजी-मराठी कोशांत हा भेद हरवतो, कारण तिथे ‘अग्रदूत’, ‘अग्रणी’, ‘आद्यप्रवर्तक’ असे नामांचे पर्याय मिळतात आणि क्रियापदाची वासलात ‘पुढाकार घेणे’ एवढ्यावर लावलेली असते. इंग्रजीतही नाम आधी आले. क्रियापद अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातले, आणि त्याचा अर्थ आरंभी ‘वाट तयार करणे’ असाच होता. पुढे ‘वाट’ या कर्माच्या जागी पद्धत, तंत्र, शस्त्रक्रिया, अभ्यासशाखा असे काहीही बसू लागले. आज ते क्रियापद वापरताना लिहिणारा एकाच वेळी तीन गोष्टी सांगत असतो: हे काम त्या ठिकाणी रुळलेले नव्हते, या माणसाने ते स्वतः अडचणी सोसून चालते केले, आणि त्याच्या मागून इतर लोक त्या वाटेने गेले. तिसरी गोष्ट नसेल, तर बाकी दोन कितीही खऱ्या असोत, क्रियापद डळमळते. मागून कोणी आलेच नाही, तर ती वाट नव्हे, एका माणसाची रपेट झाली.

याचे आपल्या घरातले सर्वांत बोलके उदाहरण चित्रपटाचे आहे, आणि ते तुमच्या दोन घरांच्या वादाशी इतके जुळते की त्यावर थोडा वेळ थांबतो. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे दाखवली गेली. त्यानंतर सावे दादा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी परदेशातून कॅमेरा मागवला आणि १८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमधील एक कुस्ती चित्रित केली. पुढे १८ मे १९१२ रोजी दादासाहेब तोरणे यांचा ‘श्री पुंडलिक’ गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला. आणि ३ मे १९१३ रोजी, त्याच कॉरोनेशनमध्ये, दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला. निव्वळ दिनांक पाहिले तर फाळके तिसरे ठरतात. तोरण्यांच्या बाजूचे लोक हे गेली कित्येक दशके सांगत आले आहेत आणि त्यांचे म्हणणे तारखेपुरते अगदी बरोबर आहे. दुसरी बाजू सांगते, की ‘पुंडलिक’ हे रंगभूमीवरील नाटकाचे चित्रण होते, कॅमेरा चालवणारा इंग्रज होता आणि फिल्मवरची प्रक्रिया लंडनला झाली. त्यामुळे भारतीय कथापटाचा आरंभ ‘राजा हरिश्चंद्र’पासूनच मानला पाहिजे.

पण मला या वादात एक वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. फाळके १९१२ साली लंडनला गेले, तंत्र पाहून आणि कॅमेरा विकत घेऊन परतले, आणि पैसे लावणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून त्यांनी कुंडीत वाटाणा लावून त्याची वाढ रोज थोडी थोडी चित्रित केली. चित्रपट काढल्यावर ते नाशिकला गेले आणि तिथे त्यांनी माणसे घडवली. छिद्रे पाडण्यापासून फिल्म धुण्यापर्यंतची कामे घरच्यांनी आणि सोबत्यांनी शिकून घेतली. एका चित्रपटावर ते थांबले नाहीत. १९१७ साली ‘लंका दहन’ आला, आणि १९१८ साली हिंदुस्थान फिल्म्स ही कंपनी उभी राहिली. इतरांना ही वाट चालण्याजोगी दिसू लागली, कारण कोणीतरी तिच्यावर रोज ये-जा करत होते. म्हणून सावे दादांनी आधी चित्रण केले, तोरण्यांनी आधी चित्रपट दाखवला, आणि ‘पायोनियर’ हे क्रियापद मात्र फाळक्यांना लागते, अशी तिन्ही विधाने एकमेकांना धक्का न लावता उभी राहू शकतात. तोरण्यांचा मान त्याने कमी होत नाही. ते स्वतः पुढे बोलपटांच्या काळात यशस्वी निर्माते झालेच.

सार्वजनिक गणेशोत्सव १८९२ साली भाऊसाहेब रंगारींनी सुरू केला की १८९३ साली लोकमान्यांनी, हा पुण्यातला वाद याच जातीचा आहे. त्यात मी इथे शिरत नाही. पुण्यात राहायचे आहे.

आता व्याकरणाकडे वळू, कारण तुमच्या भावाच्या वाक्यातली खरी अडचण तिथे आहे. नाम म्हणून हा शब्द ढगळ आहे, कोणाच्याही अंगावर चढतो. आनंदीबाई जोशी पायोनियर होत्या, असे इंग्रजीत कोणीही लिहील आणि ते योग्यच आहे. १८८६ साली त्या पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयातील नेमणूक हाती होती, पण ती स्वीकारून काम सुरू करण्याआधीच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी त्या गेल्या. मात्र त्यांनी भारतात स्त्रियांची वैद्यकी पायोनियर केली, असे क्रियापदाने लिहायला गेलात तर वाक्य लगेच हिशेब मागते: कोणते रुग्णालय, किती वर्षे, कोणते रुग्ण? तो हिशेब पुढे डॉ. रखमाबाईंनी सुरत आणि राजकोटला वर्षानुवर्षे काम करून दिला. क्रियापद सकर्मक आहे, हीच त्याची शिस्त. ‘काय?’ या प्रश्नाचे उत्तर दिल्याशिवाय ते पुढे सरकत नाही, आणि ‘कुठे?’ व ‘केव्हा?’ ही शेपटे सोबत असतील तरच ते खरे राहते.

आबांच्या वाक्यात ‘काय?’चे उत्तर दिले आहे ठिबक सिंचन, आणि ‘कुठे?’चे उत्तर दिले आहे भारत. दोन्ही उत्तरे चुकली आहेत. आधुनिक ठिबकचे तंत्र इस्रायलमध्ये सिमखा ब्लास या अभियंत्याने विकसित केले आणि १९६५ साली नेगेव्ह वाळवंटातील हात्झेरिम या किब्बुत्झमध्ये, म्हणजे सामूहिक शेतीच्या वसाहतीत, नेटाफिम ही कंपनी त्यातून उभी राहिली. (थेंबाथेंबाने पाणी देण्याची कल्पना म्हणाल, तर शंकराच्या पिंडीवरचे अभिषेकपात्र आपण सगळ्यांनीच पाहिले आहे, पण त्यावर कोणी हक्क सांगू नये.) भारतातही १९८७ च्या आधी अनेक ठिकाणी नळ्या अंथरल्या गेल्या होत्या, तुमच्या शेजारच्या डाळिंबातच होत्या. हे वाक्य खोटे पडते ते ‘पायोनियर’ या शब्दामुळे नव्हे, ‘भारत’ या शब्दामुळे. तुमच्या भावाला हे सांगून पाहा, कारण शब्द काढण्यापेक्षा नकाशा लहान करणे त्याला सोपे वाटेल.

आणि तपासायला कोण येतो, या त्याच्या प्रश्नाचे उत्तर त्याला स्वतःलाच ठाऊक आहे. जो खरेदीदार पेटीतल्या घडावरचा औषधाचा अंश प्रयोगशाळेत मोजून घेतो आणि शेती नीट पद्धतीने केल्याची खात्री देणाऱ्या ग्लोबलगॅपच्या प्रमाणपत्रावाचून बोलणीसुद्धा सुरू करत नाही, तो माणूस पहिल्या पानावर अख्ख्या देशाचा दावा वाचून मनातल्या मनात हसेल, आणि मग दुसऱ्या पानावरील साखरेचे प्रमाण व मण्यांचा आकार हे खरे आकडेही त्याच संशयाने वाचील. खरेदीदाराला आकर्षक वाटेल अशी गोष्ट तुमच्याकडे आहेच: तुंबलेली नळी.

ती गोष्ट तुम्ही पत्रात चार ओळींत उरकली आहे आणि माझ्या मते तिथेच सगळे सोने आहे. रात्री-अपरात्री वीज येईल तेव्हा उठून दारे धरायची आणि पाटाचे पाणी वाफ्यावाफ्यात फिरवायचे, ही ज्या गावाची रीत, तिथे बारीक काळी नळी टाकून झाड जगेल यावर कोण विश्वास ठेवणार? अण्णांनी तो ठेवला आणि पैसे घातले, ही हिंमत लहान नव्हती. नळ्या क्षाराने आणि शेवाळाने बसल्या तेव्हा त्यांनी त्या उपटल्या; कोणत्याही शहाण्या माणसाने तेच केले असते. आबांनी मात्र, तुमच्या पत्राप्रमाणे, आधी फडके बांधून पाहिले, मग गाळणीची टाकी बसवली, मग आम्ल सोडून नळ्या धुण्याचे प्रमाण चुकतमाकत बसवले, आणि ते वहीत तारीखवार लिहून ठेवले. आणि जो कोणी बांधावर येऊन उभा राहिला त्याला ती वही दाखवली. हे शेवटचे काम ज्या दिवशी त्यांनी केले, त्या दिवशी ते तुमच्या गावापुरते आणि त्या परिसरातील द्राक्षबागांपुरते ‘पायोनियर’ या क्रियापदाचे निर्विवाद कर्ते झाले. वाक्याचे कर्म ‘ठिबक सिंचन’ हे नव्हे. कर्म आहे ‘आपल्या भागातील खाऱ्या पाण्यावर द्राक्षबागेत ठिबक टिकवण्याची रीत’. इंग्रजीत या कामासाठी ‘पायोनियर्ड द यूज ऑफ’ अशी रुळलेली रचना आहे: शोध दुसऱ्याचा, वापर रुजवला याने. तुमच्या भावाच्या लेखनिकाने ते तीन लहान शब्द गाळले आणि वाक्य वडिलांवरून थेट इस्रायलवर चालून गेले.

तुमच्यासारखेच स्मरणिका, गौरवग्रंथ, नोकरीचे अर्ज किंवा संस्थेचे अहवाल इंग्रजीत लिहिणारे अनेक वाचक मला याच शब्दाविषयी विचारतात, म्हणून काही गोष्टी त्यांच्यासाठीही नोंदवतो. ‘प्रथम पायोनियर केले’ असे लिहू नये. ‘पहिल्यांदा मुहूर्तमेढ रोवली’ इतकेच ते विनोदी आहे. कंपनी, शाळा, पतपेढी ‘पायोनियर’ होत नाही, ती स्थापन होते. पायोनियर होते ती त्या संस्थेने आणलेली पद्धत. या क्रियापदापुढे दुसरे क्रियापद जोडता येत नाही, ‘सुरू करायला पायोनियर केले’ ही आपली मराठी घडण इंग्रजीत चालत नाही. नाम वापरताना त्याच्याआधीचे ‘अ’ हे उपपद आपण हटकून विसरतो. आणि स्वतःविषयी हे क्रियापद वापरणे शक्य तितके टाळावे, कारण मागून कोण आले हे सांगण्याचा अधिकार मागून आलेल्यांचा असतो. अर्जात त्याऐवजी ‘सुरू केले’, ‘आणले’, ‘बसवले’ असे साधे शब्द वापरले तर मुलाखत घेणाऱ्याला विचारायला काहीतरी उरते.

‘पहिला’ या शब्दाचा मोह मात्र इंग्रजीचा नाही, तो आपला स्वतःचा आहे. प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याची ओळख आपण शाळेपासून ‘आशियातील पहिला’ अशी ऐकत आलो. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभारलेल्या त्या कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५० च्या सुमाराचा; पण आंध्रातील एटिकोप्पाका येथे सहकारी साखर कारखाना १९३० च्या दशकातच निघाला होता. म्हणून प्रवरेचे महत्त्व कमी झाले का? मुळीच नाही. महाराष्ट्रात त्यानंतर जे सहकारी कारखान्यांचे जाळे पसरले, ते प्रवरेकडे बघून पसरले. तिथे ‘पहिला’ वादग्रस्त ठरतो आणि ‘पायोनियर’ बिनवादाचा. माझी स्वतःची फजितीही अशीच झाली आहे. एका शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेत मी ती ‘तालुक्यातील मुलींची पहिली शाळा’ असल्याचे मोठ्या थाटात लिहिले. प्रकाशनाच्या दिवशी नव्वदीच्या एक आजी काठी टेकत मंचापाशी आल्या आणि त्यांनी शांतपणे विचारले, की मग मी जिथे शिकले ती कोणती? त्या शाळेची इमारत केव्हाच पडली होती, एवढाच तिचा दोष. तेव्हापासून ‘पहिला’ हा शब्द लिहिण्याआधी मी त्या गावातील सर्वांत वृद्ध बाईला विचारतो.

आता मराठी मजकुराकडे. आपल्या भाषेत या क्रियापदाला एकशब्दी पर्याय नाही, याची खंत तुम्ही व्यक्त केली आहे. मला ती चैन वाटते, कारण प्रत्येक छटेला वेगळा वाक्प्रचार मिळतो. ‘श्रीगणेशा केला’ म्हणजे पाटीवर पहिले अक्षर काढले, पुढे शिकला की नाही ते माहीत नाही. अण्णांना हा शब्द सन्मानाने लागतो. ‘पाया घातला’ म्हणजे वर इमारत उभी असली पाहिजे. ‘जनक’ फार जड, आणि जनक एकच असावा लागतो, त्यामुळे भांडण ठरलेले. ‘अध्वर्यू’ हा शब्द लोक हल्ली पहिला या अर्थी वापरतात, पण यज्ञात अध्वर्यू म्हणजे प्रत्यक्ष कर्म करणारा ऋत्विज, म्हणजे पुरोहित. आद्यत्वाशी त्याचा संबंध नाही. ‘पायंडा पाडला’ हा अर्थाने विलक्षण जवळचा, कारण त्यातही पाय आहे आणि मागून येणारे आहेत; पण वर्तमानपत्रांनी तो ‘चुकीचा पायंडा’ असा इतका वापरला की आता कोणाच्या गौरवात तो लिहिला तर वाचणारा दचकतो.

‘मुहूर्तमेढ रोवली’ हा तुमचा पर्याय वाईट नाही, पण त्यातला विधी आठवून पाहा. मांडव घालायच्या आधी, मुहूर्त पाहून, एक खांब रोवतात. त्याची पूजा होते, हळदकुंकू वाहतात, आणि मग बाकीचा मांडव दुसरीच माणसे घालतात. मेढ रोवणारा आणि मांडव घालणारा एकच असावा लागत नाही. या अर्थाने पाहिले तर गावातली मेढ अण्णांनी रोवली आणि मांडव आबांनी घातला, असे म्हणावे लागेल. म्हणजे चुलत घराने तुमच्या शब्दावर घेतलेली हरकत, त्यांना कल्पना नसेल पण, भाषेच्या दृष्टीनेही रास्त होती. आबांसाठी मला ‘वाट पाडली’ हाच शब्द योग्य वाटतो. तो साधा आहे, शेतातला आहे; रोजच्या चालण्याने बांधावर वाट पडते ती कोण्या एकाच्या मुहूर्ताने नव्हे. शिवाय त्यात तो बेलदार आहे. किंवा ‘रुजवले’ म्हणा. शेतकऱ्याला याहून मोठे प्रशस्तिपत्र नाही.

मी तुमच्या जागी असतो, तर मराठी परिच्छेद साधारण असा लिहिला असता: ‘आमच्या गावात ठिबकचा पहिला प्रयोग १९८६ साली आमच्या चुलत घराण्यातील अण्णांनी डाळिंबावर केला. पुढच्या वर्षी आबांनी द्राक्षाला नळ्या अंथरल्या. खाऱ्या पाण्याने त्या वारंवार तुंबत. गाळणी आणि आम्लप्रक्रिया यांचे प्रमाण बसवायला त्यांना तीन हंगाम लागले. त्यांच्या नोंदी पाहून परिसरातील बागायतदारांनी ठिबक स्वीकारले.’ वर्षे आणि हंगाम वहीतून ताडून घ्या, हंगामांचा आकडा मी अंदाजाने लिहिला आहे. इंग्रजीतही हेच पाच वाक्यांत उतरवा, आणि ‘पायोनियर’ हे क्रियापद हवेच असेल तर चौथ्या वाक्यात, ‘यूज’सकट आणि गावाच्या नावासकट घाला. पहिल्या वाक्यात अण्णांचे नाव आल्याने आबा लहान होतील, अशी भीती तुम्हाला वाटते. माझा अनुभव उलटा आहे. अण्णांचे अपयश पानावर असल्याशिवाय आबांनी नेमके काय केले ते वाचणाऱ्याला कळणारच नाही. तुंबून उपटलेल्या नळ्या शेजारी दिसल्या, तरच न उपटलेल्या नळ्यांचे मोल दिसते.

मसुदा छापायला देण्याआधी चुलतभावाला घरी बोलावून वाचून दाखवा. पाठवू नका, वाचून दाखवा. व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या वाक्यातला सूर कोणालाच ऐकू येत नाही. अण्णा आता हयात आहेत की नाहीत, ते तुम्ही लिहिलेले नाही. असतील तर त्यांच्याच तोंडून १९८६ ची हकिगत ऐका, कारण आबांनी दुसऱ्या वर्षी ठिबकचा विचार केला तो शेजारच्या बांधावरच्या नळ्या पाहूनच केला असण्याची शक्यता मोठी आहे, आणि तसे असेल तर दोन घरांची गोष्ट एकच आहे.

राहिले आबांचे उठून जाणे. ते रागाने गेले, असे तुम्ही गृहीत धरले आहे. मला ते तसे वाटत नाही. ज्या माणसाने वही लपवली नाही, त्याला ‘भारतात’ हा शब्द ऐकून संकोच झाला असेल. त्यांना पुन्हा मसुदा वाचून दाखवू नका. वही घेऊन त्यांच्याजवळ बसा आणि पहिल्या पानापासून विचारत जा. तुम्ही पत्रात ज्या गड्याचा उल्लेख केला आहे, ज्याच्या रोजंदारीची नोंद त्या वहीत रोजच्या तारखेला आहे, चर खणणारा आणि तोंडाने फुंकून नळ्या मोकळ्या करणारा, त्याचे तिथे नुसते हाकेचे नाव असेल. त्याचे पूर्ण नाव, गाव आणि तो आता कुठे असतो, हे आबांना तेवढे विचारून घ्या, आणि पाचव्या वाक्याच्या आधी त्याच्यासाठी एक ओळ मोकळी ठेवा.